बायबलच्या दोन प्रती: अनुक्रमणिकेपासून तळटीपेपर्यंत

गेल्या पावसाळ्यात आमच्या सुनेची आजी वसईला वारली. पावसामुळे गाडी रद्द झाली, अंत्यविधीला पोहोचता आले नाही, म्हणून इंदूरच्या घरीच एका संध्याकाळी आम्ही प्रार्थना ठेवली. सून कॅथलिक घरातली. आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, म्हणजे प्रॉटेस्टंट. ती म्हणाली, "बाबा, मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातला बारावा अध्याय वाचाल का? आमच्याकडे मृतांच्या मिस्सेत तो उतारा वाचतात." मी आमचे पवित्र शास्त्र उघडले. जुन्या कराराच्या शेवटी असलेल्या मलाखीचे शेवटचे पान उलटले तर समोर नव्या करारातले मत्तयाचे शुभवर्तमान आले. मक्काबी कुठेच नव्हते. तेविसावे स्तोत्र वाचून आम्ही ती वेळ निभावून नेली, पण ज्या पुस्तकाला मी जन्मभर पूर्ण मानत आलो त्यात माझ्याच घरातल्या माणसाला हवे असलेले पान नाही, ही गोष्ट मनाला लागून राहिली. पुढच्या महिन्यात मी दोन नव्या प्रती घेतल्या: एक मराठी, प्रॉटेस्टंट परंपरेची, ६६ पुस्तकांची, दुसरी इंग्रजी, कॅथलिक अभ्यास-आवृत्ती, ७३ पुस्तकांची. चार महिने दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

खरेदीचा अनुभव आधी सांगतो. खजुरी बाजारातल्या एका दुकानदाराने मला सांगितले, "अंकलजी, दोनों एक ही हैं, कोई भी ले लीजिए." आवरणे दोन्हींची काळी आणि त्यांवर सोनेरी क्रूस, त्यामुळे त्याचा समज झाला असेल, पण ग्राहकाला असे सांगणे योग्य नाही, कारण या दोन प्रतींमागच्या परंपरांतील फरकावरून युरोपात शंभराहून अधिक वर्षे भांडण चालले आणि कुटुंबेच्या कुटुंबे दुभंगली. कॅथलिक प्रत शेवटी टपालाने मागवावी लागली आणि ती मराठी प्रतीच्या दुपटीहून महाग पडली. मराठी प्रतीचा कागद पातळ आहे, मागच्या पानावरची अक्षरे पुढे उमटतात, आणि साठीनंतरच्या डोळ्यांना टंक लहान वाटतो. शिवण मात्र पक्की आहे. कॅथलिक प्रत जड आहे, मांडीवर ठेवून वाचता येत नाही, तिला टेबलच हवे.

आता अनुक्रमणिका. कॅथलिक प्रतीच्या जुन्या करारात ४६ पुस्तके आहेत, आमच्या प्रतीत ३९. जास्तीची सात म्हणजे टोबित, यहूदीत, ज्ञानग्रंथ, बेन सीरा, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तके. शिवाय एस्तेर आणि दानीएल या पुस्तकांत काही अधिक भाग आहेत. लहानपणी संडे स्कूलमध्ये आम्हाला सांगितले होते की ही पुस्तके कॅथलिकांनी मागाहून घुसडली. सुनेला तिच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितले होते की ती प्रॉटेस्टंट चळवळीचा प्रणेता मार्टिन लूथर याने काढून टाकली. दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि ती कशी चुकीची ते कळल्यावर माझ्या मनातली जुनी गाठ बरीच सैल झाली.

ही सात पुस्तके सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक अनुवादाबरोबर पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या हाती आली, तर यहुदी लोकांच्या हिब्रू संग्रहात ती नव्हती. लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमचा कल हिब्रू यादीकडे होता. त्याचाच समकालीन धर्माचार्य ऑगस्टिन ग्रीक यादीच्या बाजूने उभा राहिला, आणि ३९७ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने मोठी यादी स्वीकारली. फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४४२ मध्ये तीच यादी पुन्हा नोंदवली. म्हणजे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी जे केले ते नवी पुस्तके घालणे नव्हते, तर जुना प्रश्न शिक्का मारून बंद करणे होते. लूथरने १५३४ च्या आपल्या संपूर्ण जर्मन बायबलमध्ये ही पुस्तके छापली. दोन करारांच्या मध्ये वेगळा विभाग करून, आणि ती पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नसली तरी वाचण्यास उपयुक्त व चांगली आहेत, अशा आशयाच्या मथळ्याखाली. इंग्लंडमधील १६११ च्या राजमान्य अनुवादातही ती होती. मग ती आमच्या घरातून कधी गेली? १८०४ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीत स्कॉटिश सभासदांनी जोरदार विरोध केला, आणि १८२६ मध्ये संस्थेने ठरवले की ही पुस्तके असलेल्या प्रतींवर आपला पैसा खर्च करायचा नाही. मिशनांच्या मार्गाने जगभर गेलेल्या बायबलांना हाच निर्णय लागू पडला. माझ्या पवित्र शास्त्रातून मक्काबी गायब असण्यामागे लूथरच्या धर्मविचाराइतकाच एका प्रकाशनसंस्थेच्या वर्गणीदारांचा ठराव आहे, हे मला साठीनंतर कळावे याचे वाईट वाटते.

मक्काबींचा तो बाराव्या अध्यायातला उतारा मी प्रथमच वाचला. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्यांखाली मूर्तींची ताईतासारखी चिन्हे सापडतात. सेनापती यहूदा वर्गणी जमवून यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवतो आणि मृतांचे पुनरुत्थान होणार या आशेने त्यांच्यासाठी प्रार्थना करवतो. १५१९ मध्ये लायप्झिगच्या वादसभेत योहान एक (Eck) या कॅथलिक धर्मपंडिताने परगेटरीच्या, म्हणजे मृत्यूनंतरच्या शुद्धीच्या, समर्थनार्थ हाच उतारा पुढे केला आणि लूथरने उत्तर दिले की हे पुस्तक प्रमाण यादीतले नसल्यामुळे वादात निर्णायक ठरू शकत नाही. त्याच सभेत पोप आणि परिषदा दोन्ही चुकू शकतात, हे म्हणण्यापर्यंत तो पोहोचला. वाद प्रार्थनेवरून सुरू झाला आणि पाहता पाहता यादी ठरवण्याचा अधिकार कोणाचा या प्रश्नावर आला. आमच्या बैठकीच्या खोलीत त्या संध्याकाळी नेमके तेच झाले होते, फक्त आवाज कोणी चढवला नव्हता.

दुसरा मोठा फरक पानाच्या तळाशी आहे. मराठी प्रतीत संदर्भवचनांचे आकडे सोडले तर एक शब्दही संपादकाचा नाही. हा निष्काळजीपणा नव्हे, हे तत्त्व आहे: त्याच बायबल सोसायटीच्या स्थापनेच्या नियमातच 'टीप किंवा भाष्याशिवाय' वचन छापायचे असे होते, म्हणजे वाचक आणि वचन यांच्यामध्ये कोणी उभे राहू नये. कॅथलिक प्रतीत उलट आहे. सुरुवातीलाच धर्माधिकाऱ्यांच्या मान्यतेची नोंद, प्रत्येक पुस्तकाला प्रस्तावना, आणि कित्येक पानांचा तिसरा भाग तळटीपांनी व्यापलेला. हेही तत्त्वच आहे: १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेच्या ८२५ व्या कलमानुसार बायबलचा अनुवाद अधिकृत मान्यतेशिवाय आणि आवश्यक त्या टीपांशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. एका पक्षाला भय वाटते की टीप वचनावर कुरघोडी करील. दुसऱ्याला भय वाटते की टीपेवाचून वाचक भरकटेल. दोन्ही भये इतिहासात खरी ठरली आहेत.

प्रत्यक्ष वापरात मला तळटीपांचा फार उपयोग झाला, विशेषतः संदेष्ट्यांच्या पुस्तकांत, जिथे राजे आणि राज्ये यांची नावे समजावून सांगितल्याशिवाय अर्थच लागत नाही. टीपांमध्ये प्रामाणिकपणाही आढळला. वर सांगितलेल्या उताऱ्यातील वर्गणी जुन्या लॅटिनमध्ये १२,००० द्राख्मा आहे, पण या प्रतीने ग्रीक मूळ पाहून २,००० हाच आकडा घेतला आहे. म्हणजे ट्रेंटने ज्या लॅटिन पाठाला अधिकृत म्हटले त्यालाही आजचे कॅथलिक विद्वान तपासून घेतात. मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात मात्र, जिथे येशू पेत्राला 'या खडकावर मी आपली मंडळी रचीन' म्हणतो, तिथे टीप वाचकाला थांबू देत नाही. खडक म्हणजे पेत्र की त्याने दिलेली विश्वासाची कबुली, हा प्रश्न प्राचीन आचार्यांमध्येही एकमताने सुटलेला नव्हता; ऑगस्टिनने उतारवयात दोन्ही अर्थ वाचकापुढे ठेवले. एवढे एक वाक्य टीपेत असायला हवे होते.

मी दोन्ही प्रतींची एक छोटी परीक्षा घेतली, आणि कोणतीही प्रत घेताना ती प्रत्येकाने घ्यावी असे मला वाटते. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांना ठपका देतो की तुम्ही परंपरेपायी देवाची आज्ञा सोडता. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल सांगतो की तोंडी किंवा पत्राने शिकवलेल्या परंपरा घट्ट धरून राहा. ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द आहे, पण काही प्रसिद्ध इंग्रजी प्रॉटेस्टंट अनुवादांत निंदेच्या जागी 'परंपरा' आणि स्तुतीच्या जागी 'शिकवण' असे दोन वेगळे शब्द येतात. ज्या प्रतीत टीप नाही तिथेही अनुवादकाच्या शब्दनिवडीतून भाष्य येतेच. प्रॉटेस्टंट वाचक म्हणून हे मान्य करताना मला जड गेले.

तरीही मी 'केवळ शास्त्र' हा शब्द सोडायला तयार नाही, आणि त्याचा अर्थ नीट सांगणे माझे कर्तव्य समजतो. पंथवचने, प्रश्नोत्तरे, आचार्यांचे लेखन यांना आम्ही फेकून देत नाही. फक्त शास्त्र हे तोलणारे माप आणि बाकी सारे तोलला जाणारा माल, असे आम्ही मानतो. सुनेने यावर सरळ विचारले, "पण बाबा, त्या मापावर शिक्का कोणाचा? अनुक्रमणिका तर कुठल्याच वचनात दिलेली नाही." आमचे उत्तर असे की सराफ्यातला सोनार सोन्याला कस लावतो, सोने घडवत नाही, मंडळीनेही प्रमाण पुस्तके ओळखली, ती प्रमाण केली नाहीत. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनही म्हणत असे की पांढरे आणि काळे जसे आपोआप ओळखू येते तसे शास्त्र स्वतःची साक्ष देते. यावर तिचे म्हणणे असे की दोन सोनार दोन निकाल देत असतील तर शेवटी कोणाचा तरी शब्द मानावाच लागतो. हा युक्तिवाद वजनदार आहे, आणि ६६ व ७३ या दोन आकड्यांकडे पाहून मी तो हसण्यावारी नेऊ शकत नाही. पण शब्द मानावा लागतो म्हणून तो शब्द चुकूच शकत नाही असे म्हणणे, जसे १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या विशिष्ट घोषणांबाबत म्हटले, ही पायरी मला चढता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले की धर्मगुरूंचा शिकवण्याचा अधिकार देववचनाच्या वर नाही, तो त्याचा सेवक आहे. हे वाक्य कॅथलिक प्रतीच्या प्रस्तावनेजवळ मोठ्या अक्षरांत छापले असते तर माझ्यासारख्या वाचकाचा निम्मा संशय फिटला असता.

मराठी वाचकाला या दोन वृत्ती परक्या नाहीत. थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूने १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलेले ख्रिस्तपुराण बायबलचा अनुवाद नाही. ते ओवीबद्ध कथन आहे, त्यात श्रोते शंका विचारतात आणि गुरू उलगडून सांगतो. प्रॉटेस्टंट विल्यम कॅरीने १८११ मध्ये बंगालमधील सेरामपूरहून मराठी नवा करार काढला तेव्हा नुसता ग्रंथ हाती दिला. मला भाषा ख्रिस्तपुराणाची गोड लागते आणि सोय कॅरीच्या मार्गाची हवीशी वाटते.

ज्यांच्या घरात एकच परंपरा आहे आणि रोज सकाळी एक अध्याय वाचायचा आहे, त्यांना मराठी प्रत पुरेशी आहे. घेताना मोठ्या टंकाची मागावी. अभ्यास करणाऱ्याने, मग तो कोणत्याही मंडळीचा असो, टीपांची कॅथलिक प्रत जवळ ठेवावी. आमच्यासारख्या मिश्र घरांना मात्र एकाच मराठी प्रतीची गरज आहे, आणि तिच्यासाठी वाट काढायला जागा आहे: १९६८ मध्ये बायबल सोसायट्या आणि रोम यांनी संयुक्त अनुवादांची तत्त्वे ठरवली, त्यांत ही पुस्तके दोन करारांच्या मध्ये वेगळ्या विभागात छापण्याची सोय आहे, म्हणजे जवळजवळ लूथरचीच मांडणी. प्रकाशकांना माझी कळकळीची विनंती आहे की ते होईपर्यंत निदान ६६ पुस्तकांच्या प्रतीत अनुक्रमणिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर इतके तरी छापावे, की आणखी सात पुस्तके आहेत, ती कोण वाचतात, आणि ती येथे का नाहीत.