डोळ्यापासून वीतभर पुढे: स्काउट रायफलवर बसवलेली दुर्बीण

पंचेचाळिशी ओलांडल्यावर उघड्या माशीवरून नेम धरणे मला कठीण जाऊ लागले. मागचे छिद्र, नळीच्या टोकावरची माशी आणि शंभर यार्डांवरचे लक्ष्य यांपैकी एका वेळी एकच गोष्ट डोळा स्पष्ट पाहू शकतो, हे कोल्हापूरला एनसीसीत पॉइंट टू-टूची रायफल हाती आली तेव्हाच शिकवले होते. मात्र तरुण डोळा या तिन्हींवरून इतक्या झपाट्याने फिरतो की ती अडचण त्या वयात कोणाला कळत नाही. चाळिशी लागली की माशीच्या जागी करडा ठिपका उरतो आणि नेम अंदाजावर जातो. ज्या जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक रायफलीवर दुर्बीण न लावता, नियमाप्रमाणे नुसत्या छिद्रातून पाहून मिळवले, त्या जिल्ह्यातल्या माणसाने दुर्बीण शोधत फिरावे याचा थोडा संकोच वाटला खरा. पण डोळे आपले असतात आणि त्यांचे वयही आपलेच असते.

माझी रायफल रुगर कंपनीची गनसाइट स्काउट आहे, .३०८ विंचेस्टर कॅलिबरची, साडेसोळा इंची नळीची. मी फीनिक्सजवळ राहतो आणि या रायफलीच्या कल्पनेचा जन्मही ॲरिझोनातच, पॉल्डन गावच्या गनसाइट या प्रशिक्षण केंद्रात झाला. त्या केंद्राचे संस्थापक जेफ कूपर यांनी १९८०च्या दशकात ‘स्काउट’ रायफलीची व्याख्या घालून दिली: लांबी मीटरभर, दुर्बिणीसह वजन तीन किलो, फार तर साडेतीन, आणि दोन-तीन पटींची दुर्बीण डोळ्यासमोर न बसवता बोल्टच्या पुढे, नळीच्या वर. स्टायर कंपनीने १९९८ साली आणि रुगरने २०११ साली आपापल्या परीने ती रायफल बाजारात आणली. रुगरच्या नळीवर त्यासाठी पिकॅटिनी रेल, म्हणजे दुर्बीण अडकवायची आडव्या खाचांची पट्टी, आधीच बसवलेली येते. नेहमीची दुर्बीण मागे, ॲक्शनवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागावर) बसवण्याची सोयही याच रायफलीत आहे, त्यामुळे पुढची जागा निवडली तर ती विचार करून निवडावी लागते. नाइलाजाची सबब इथे चालत नाही.

दुर्बीण इतकी पुढे का न्यायची, याची जुनी कारणे आता निम्मीच लागू आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी माउझर रायफलीवर झेडएफ-४१ ही दीड पटीची छोटी दुर्बीण मागच्या साइटच्या बैठकीवर बसवली होती, तेव्हा ॲक्शन वरून मोकळी राहून क्लिपने काडतुसे भरता येणे हा मोठा फायदा होता. विंचेस्टर ९४सारख्या जुन्या लिव्हर रायफलींत रिकामी काडतुसे सरळ वर उडत, म्हणूनही काहींनी दुर्बीण पुढे सरकवली. माझ्या रायफलीला खालून मॅगझिन लागते, त्यामुळे यातले एकही कारण मला पुरत नाही. माझे कारण वेगळे होते. डोंगराळ, काटेरी झुडपांच्या प्रदेशात हावेलिना नावाच्या रानडुकरासारख्या प्राण्यामागे फिरताना तो पन्नास-साठ यार्डांवर अचानक समोर येतो. अशा वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवून, भोवतालचे दृश्य न हरवता, त्या दृश्यातच क्रॉसहेअर उमटलेला दिसावा असे मला हवे होते.

बरीच चौकशी करून व्हॉर्टेक्स कंपनीची क्रॉसफायर टू मालिकेतील दोन ते सात पटींची, ३२ मिलिमीटर भिंगाची स्काउट दुर्बीण घेतली. नळकांडे एक इंची, वजन सुमारे बारा औंस, समायोजनाचा एक क्लिक शंभर यार्डांवर पाव इंचाचा आणि पॅरलॅक्स (डोळा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकल्यासारखा दिसण्याचा दोष) शंभर यार्डांला जुळवून स्थिर केलेला. सर्वांत महत्त्वाचा आकडा आय-रिलीफचा, म्हणजे मागच्या भिंगापासून डोळा किती अंतरावर असता पूर्ण प्रतिमा दिसते त्याचा. नेहमीच्या दुर्बिणीत हे अंतर तीन-चार इंच असते, पिस्तुलाच्या दुर्बिणीत हात लांबवून पाहता येईल इतके मोठे असते, आणि या दुर्बिणीत ते साडेनऊ इंचांच्या जवळपास आहे. वीत नऊ इंचांची धरली, तर एक वीत आणि वर अर्धे बोट. खरेदी करताना ‘लांब आय-रिलीफ’ एवढेच शब्द वाचून पिस्तुलाची दुर्बीण रायफलीसाठी उचलू नये. ती बसते, पण तिची प्रतिमा पूर्ण दिसायला मान मागे खेचावी लागते आणि मग गाल दस्त्यावर टिकत नाही.

या लांबीची किंमत दृश्याच्या रुंदीत मोजावी लागते, आणि विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत. दोन पटींवर शंभर यार्डांवर या दुर्बिणीतून सुमारे अठरा फूट रुंदीचे दृश्य दिसते. त्याच मालिकेतील नेहमीच्या आय-रिलीफच्या दोन-सात पटींच्या दुर्बिणीतून बेचाळीस फूट दिसते. सात पटींवर इथे जेमतेम पाच फूट उरतात, म्हणजे खिडकीतून पाहण्याऐवजी कुलपाच्या भोकातून पाहिल्यासारखे होते. दोन पटींवर हा तोटा जाणवत नाही, कारण दुसरा डोळा उघडा असतो आणि मेंदू दोन्ही चित्रे एकमेकांवर बसवतो. चार पटींच्या पुढे मात्र मेंदू ही तडजोड नाकारतो.

आता बसवण्याकडे वळतो. माझ्या मते दुर्बिणीच्या निवडीपेक्षा हे काम जास्त नाजूक आहे, आणि मी ते पहिल्या खेपेला बिघडवले होते.

पहिल्या खेपेला ऑनलाइन स्वस्तात मिळालेल्या ॲल्युमिनियमच्या मध्यम उंचीच्या रिंगा, म्हणजे दुर्बीण रेलवर धरून ठेवणाऱ्या कड्या, लावल्या. त्यात दोन चुका झाल्या. पहिली उंचीची: दुर्बिणीच्या रेषेत डोळा आणायचा तर गाल दस्त्यावरून उचलावा लागे, आणि हनुवटी टेकवून सोडलेली गोळी दर वेळी वेगळीकडे जाई. दुर्बीण डोळ्याजवळ असली तर थोडी उंची खपून जाते, कारण डोळा कुठे आहे हे काळी सावली लगेच सांगते. वीतभर पुढे असलेल्या दुर्बिणीत मात्र दस्त्यावर टेकलेला गाल हाच एकमेव भरवशाचा खुंटा असतो. दुसरी चूक अधिक सूक्ष्म होती. रेल पिकॅटिनीची, म्हणजे तिची खाच ०.२०६ इंच रुंद. आणि रिंगांची आडवी दांडी वीव्हर मापाची, ०.१८० इंच. दांडी खाचेत बसते, पण अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फट राहते. मी ती रिंग खाचेत पुढे-मागे न पाहता तशीच आवळली. पहिल्या वीसेक गोळ्यांत शंभर यार्डांवरची भोके सहा इंचांत पसरली आणि मी दोष काडतुसांना देत बसलो. घरी येऊन पाहिले तर रिंग पुढे सरकल्याचा चकचकीत ओरखडा रेलवर उमटला होता आणि नट बोटाने फिरत होता.

दुसऱ्या खेपेला पिकॅटिनी मापाच्या, कमी उंचीच्या पोलादी रिंगा आणल्या आणि एक संपूर्ण रविवार गॅरेजमध्ये दिला. आधी मॅगझिन काढून, चेंबर रिकामे असल्याचे डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून बोल्ट बाहेर काढून ठेवला. रेल व रिंगांचे तेल स्पिरिटने पुसले. रिंगा खाचेत ठेवून पुढच्या बाजूला दाबून धरल्या आणि मगच नट आवळले. पुढेच का, याचे कारण असे: गोळी सुटताना रायफल मागे येते, दुर्बीण मात्र आपल्या जडत्वाने जागीच राहू पाहते, म्हणजे रायफलीच्या तुलनेत ती पुढे सरकते. दांडी आधीच खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकलेली असेल तर सरकायला जागाच उरत नाही.

मग दुर्बीण रिंगांत सैल ठेवून अंतर जुळवले. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल नेहमीच्या जागी टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर दुर्बीण पुढे किंवा मागे घ्यायची. डोळा सरकवून जुळवून घ्यायचे नाही. हे सात पटींवर करावे, कारण तिथे डोळ्याला सर्वांत कमी मोकळीक असते. तिथे जमले की दोन पटींवर जमतेच. रुगरच्या दस्त्याला अर्ध्या-अर्ध्या इंचाचे तीन जोडतुकडे येतात आणि त्यांनी दस्त्याची लांबी पावणेतेरा ते सव्वाचौदा इंचांपर्यंत बदलता येते, हे इथे फार उपयोगी पडले. रिंगा ठरावीक खाचांतच बसतात आणि नळकांड्याचा मधला फुगीर भाग त्यांना अडवतो, त्यामुळे दुर्बीण मनासारखी मागे येईना. शेवटी एक तुकडा काढला आणि डोळाच अर्धा इंच पुढे गेला. हिवाळ्यात जाड जाकीट घातल्यावरही हीच लांबी सोयीची ठरली.

क्रॉसहेअर सरळ करण्यासाठी बाजारात नाना तऱ्हेच्या छोट्या पाणपातळ्या मिळतात. माझा पेशा बांधकामाचा असल्यामुळे मी ओळंबा काढला. मागच्या अंगणातील कुंपणावर तो लाल दोऱ्याने टांगला, रायफल पाळण्यात समतल केली आणि क्रॉसहेअरची उभी रेघ दोऱ्यावर तंतोतंत बसेपर्यंत दुर्बीण फिरवली. वारा सुटला की ओळंबा डोलत होता, म्हणून पत्नीने न सांगताच त्याचे टोक पाण्याच्या बादलीत सोडले. बांधकामावरची ही युक्ती मला आधी सुचायला हवी होती. वरच्या पट्ट्यांचे स्क्रू कर्णरेषेत, थोडे थोडे करून, दोन्ही बाजूंची फट सारखी राखत टॉर्क ड्रायव्हरने पंधरा ते अठरा इंच-पाउंडांपर्यंतच आवळावेत. ‘आणखी थोडे’ म्हणून पिळले की नळकांडे दबते. रेलच्या नटांसाठी रिंगांसोबत आलेला आकडा पाळला. शेवटी प्रत्येक स्क्रूवर आणि शेजारच्या धातूवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढली. स्क्रू हलला की रेघ तुटते.

बोल्ट काढलेला असल्यामुळे नळीतून थेट पाहून, कुंपणावर पंचवीस यार्डांवर लावलेला कागद नळीच्या मधोमध आणून, क्रॉसहेअर तिथे ढोबळपणे आणता आला. फीनिक्समधल्या बेन एव्हरी या नेमबाजीच्या रेंजवर पहिली गोळी पंचवीस यार्डांवर तीन इंच खाली आणि एक इंच उजवीकडे लागली. शंभर यार्डांला पाव इंचाचा क्लिक पंचवीसला त्याच्या चौथ्या हिश्श्याचा होतो, म्हणजे इंचाला सोळा क्लिक. दुर्बीण नळीच्या वर असल्याने पंचवीसला गोळी अर्धा इंच खालीच लागायला हवी, म्हणून वर चाळीस आणि डावीकडे सोळा क्लिक दिले. शंभर यार्डांवर मग आणखी पाच-सहा क्लिकांत काम झाले. पाच गोळ्या दोन इंचांत बसल्या, आणि माझ्यासारख्याला तेवढे पुष्कळ आहे. क्लिक ऐकू येतात, बोटाला जाणवतात आणि मोजल्याप्रमाणे चालतात. आयपीसची कडी फिरवून क्रॉसहेअर एकदा नजरेला जुळवला की चष्म्याची कटकटही मिटते.

उणिवा सांगायच्या तर त्या या जातीच्या सर्वच दुर्बिणींच्या आहेत. सूर्य पाठीशी आणि खाली असला की मागच्या भिंगावर थेट ऊन पडते, कारण तिथे डोक्याची सावली पोहोचत नाही. सकाळी पश्चिमेकडे नेम धरताना मला काही क्षण पांढऱ्या धुक्याखेरीज काहीच दिसले नाही. रुंद कडेच्या टोपीने निम्मा त्रास कमी होतो. दुसरे, दुर्बीण तापलेल्या नळीवर असते, त्यामुळे दहा-बारा गोळ्यांनंतर भिंगासमोर गरम हवेच्या लाटा उठतात आणि लक्ष्य पाण्याखाली असल्यासारखे हलते. फीनिक्सच्या जूनमध्ये तर पहिल्या गोळीआधीच ते हलत असते. तिसरे, तिन्हीसांजेला सात पटींवर प्रतिमा मंद होते, कारण ३२ भागिले सात केले की प्रकाशाचा झोत साडेचार मिलिमीटरचाच उरतो.

वजनाचा हिशेबही कूपर यांच्या मापात बसत नाही. रायफल सुमारे सात पौंड, दुर्बीण आणि रिंगा मिळून जवळजवळ एक पौंड, म्हणजे साडेतीन किलोंच्या थोडे वर. खांद्यावर ते जाणवत नाही, पण तत्त्वनिष्ठ मंडळींनी नोंद घ्यावी.

साधारण दोनशे डॉलरच्या आसपास मिळणारी ही दुर्बीण कोणी घ्यावी? ज्याचा नेम बहुतेक दीडशे यार्डांच्या आत, उभ्याने आणि घाईत धरला जातो, त्याने अवश्य घ्यावी. टेबलावर रायफल टेकवून कागदावर बारीक गट काढणाऱ्याने किंवा संध्याकाळच्या शेवटच्या प्रकाशात हरणाची वाट पाहणाऱ्याने तेवढ्याच पैशांत नेहमीची दुर्बीण ॲक्शनवर बसवावी. त्याला रुंद आणि उजळ दृश्य मिळेल. रिंगांत मात्र दोघांनीही काटकसर करू नये.

माझी दुर्बीण रेंज सोडून इतरत्र दोन पटींवरच असते, आणि तीनशे गोळ्यांनंतरही नेलपॉलिशच्या रेघा जागच्या जागी आहेत.