कोकणातल्या फेरीबोटी : आठ महिने गाडी घेऊन वापरल्यावर

आगरदांडा–दिघी, बागमांडले–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या चारही फेऱ्या पावसाळा धरून आठ महिने वापरात आहेत. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी साधी हॅचबॅक, कधी दुचाकी. मुरुड-जंजिरा, हरिहरेश्वर, वेळास, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे हा किनारा सलग फिरायचा तर या बोटींशिवाय सोय नाही. दाभोळला उभं राहिलं की समोर धोपावे दिसतं, पण रस्त्याने जायचं तर खेड-चिपळूणचा वळसा पडतो.

पाण्यावरच्या प्रवासाबद्दल काही तक्रार नाही. कस लागतो तो धक्क्याच्या उतारावर, शेवटच्या पंधरा-वीस फुटांत. आणि तो उतार रोज सारखा नसतो. भरतीला बोट वरच्या कोरड्या, खरखरीत सिमेंटवर फळका, म्हणजे गाड्या चढ-उतरायची लोखंडी फळी, टाकते. ओहोटीला तीच बोट खाली सरकते आणि गाडीची चाकं एरवी पाण्याखाली असणाऱ्या हिरव्या शेवाळावर येतात. म्हणून निघण्याआधी घड्याळाइतकीच तिथी बघावी. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चालावं.

यातली मेख अशी की पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि तळाची ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमाराला. म्हणजे उधाणाचा दिवस रविवारी आला, तर परतीची सगळी गर्दी नेमकी सर्वांत निसरड्या उतारावर उभी असते. तेव्हा शक्य असेल तर चारच्या आत खाडी ओलांडावी. सप्तमी-अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असतो त्या दिवसांत, ओहोटी दुपारी येते, पण पाणी फार खाली जात नाही, त्यामुळे त्रास कमी. मुंबईकडे चढउतार मोठा, दक्षिणेकडे कमी होत जातो. आगरदांड्याला जपावं लागतं तितकं जयगडला लागत नाही.

चढताना चाक का फिरतं हे समजून घेतलं तर घाबरायला होत नाही. चढावर गाडीचं वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि ओढणारी चाकं तीच असतात. शेवाळावर ती जागच्या जागी गरगरतात. अशा वेळी जास्त रेस देणं ही सर्वांत मोठी चूक. पहिला गिअर, क्लच सावकाश सोडायचा, मधे थांबायचं नाही, आणि पुढची गाडी पूर्ण वर गेल्याशिवाय फळका सोडायचा नाही. एकाच टोकाला फळका असलेल्या बोटीवर एकदा तरी रिव्हर्स घ्यावा लागतो. सरळ चढून रिव्हर्सने उतरायची वेळ आली तर लोक धास्तावतात. खरं तर पुढच्या चाकांवर चालणारी गाडी रिव्हर्समध्ये चढ जास्त चांगला धरते, कारण वजन ओढणाऱ्या चाकांवरच येतं. फक्त मागे मान वळवून न बघता खलाशाच्या हाताकडे बघावं. उतार आणि कडा त्याला दिसतात, आपल्याला नाही.

दुसरी अडचण फळक्याच्या टोकाशी. बोटीचा फळका खाली झुकलेला आणि धक्का वर चढणारा, त्यामुळे मधे खोबण तयार होते. सेडानचा पुढचा बंपर तिथे घासतो. माणसं आणि जड सामान आधी उतरवलं तर गाडी बोटभर उचलली जाते आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. बोट इथे दोरांनी नाही, इंजिनाच्या रेट्याने धक्क्याला टेकलेली असते. आपण चढत असतो तेव्हा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, ती पाण्याच्या ओढीविरुद्ध धरून ठेवत असतो. पावसाळ्यात नदीचं पाणी आणि ओहोटी एकदम बाहेर धावली की बोट आडवी सरकते आणि फळका सिमेंटवर खरवडत जातो. तो आवाज आला की ब्रेक दाबून थांबावं, खलाशी हात करेपर्यंत.

बोटीवर गाड्या इतक्या खेटून लावतात की दार उघडत नाही. वयस्कर माणसांना चढण्याआधीच उतरवावं, आरसे मिटावेत, हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी. दुचाकी गिअरमध्ये टाकून साइड स्टँडवर, आणि हात तिच्यावरच. ओल्या पत्र्यावर डिझेलचा ओघळ असेल तर पाय सटकतो.

खारं पाणी हा सावकाश होणारा खर्च आहे. त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाकांच्या आतून आणि गाडीच्या खालून फवारा मारावा, दुचाकीच्या साखळीला तेल द्यावं. सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसतो, तो पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो.

दुचाकीला, छोट्या गाडीला आणि उंच गाडीला या फेऱ्या मनापासून सुचवाव्यात अशा आहेत. लांब, बुटक्या सेडानने भरतीची वेळ साधावी. नकाशाचं ॲप खाडीवरची फेरी रस्त्यासारखीच दाखवतं, शेवटची बोट गेली आहे हे सांगेलच असं नाही. ती वेळ सकाळीच धक्क्यावर फोन करून विचारावी, आणि बंदरात बावटा, म्हणजे वादळाच्या इशाऱ्याचं निशाण, लागला असेल तर रस्त्याचा वळसा धरावा.