लिलावातली बीएसए एम२०: घ्या, पण रंगवू नका

परवा दक्षिण मुंबईत एका लिलावाचा प्रीव्ह्यू होता, तिथे खास ही जुनी बीएसए एम२० मोटरसायकल बघायला गेलो, परळचे आमचे मेकॅनिक काका सोबत, आणि दोन तास दुसऱ्या कुठल्या गाडीकडे बघितलंच नाही. दुसऱ्या महायुद्धातली बर्मिंगहॅमची गाडी, ४९६ सीसी, एकाच सिलिंडरचं, बाजूला व्हॉल्व्ह असलेलं (साइडव्हॉल्व्ह) इंजिन, जेमतेम १३ हॉर्सपॉवर. लष्करासाठी सव्वा लाखाच्या आसपास बनल्या, म्हणजे तशी दुर्मीळ नाही, पण हात न लावलेली मिळणं फार कठीण हो, आपल्याकडे गाडी हातात आली की लोक आधी पेंटरकडे पळतात.

टाकीवर काळा रंग आहे, ब्रशने मारलेला, केसांच्या रेघा दिसतात, आणि सीटजवळ पँट घासून जिथे तो उडालाय तिथे खाली लष्कराचा खाकी डोकावतो. टूलबॉक्सचं झाकण उघडलं तर आत अख्खा खाकीच, कालच मारल्यासारखा. अंगावर काटा आला खरंच. पण टाकीच्या उजव्या बाजूला कोणीतरी चमकवायला बफ मारलाय आणि तिथे रंग पार पत्र्यापर्यंत गेलाय. इतक्या वर्षांचा रंग दहा मिनिटांत घालवला, मला अजून राग येतोय.

कॅटलॉगमध्ये इंजिन नंबर आणि चासी नंबर जुळत नाहीत हा दोष म्हणून लिहिलाय. अहो, युद्धातल्या एम२०चे दोन्ही नंबर कारखान्यातूनच वेगळे यायचे! आपण आरसी बुकाशी ताडून बघायचं, ते इथे बरोबर आहे.

पुढच्या चाकाच्या जुन्या पद्धतीच्या गर्डर फोर्कच्या पिना झिजल्यात, ते लेथवाला करून देईल. किक हळू दाबली तर कॉम्प्रेशन मस्त लागतं. ऑइलची टाकी वेगळी असते, गाडी खूप दिवस उभी राहिली की ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी उतरतं, म्हणून ते काढल्याशिवाय किक मारू नका. खरी काळजी मॅग्नेटोची, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या भागाची, त्याच्या जुन्या वाइंडिंगवरचं शेलॅक (लाखेचा लेप) उष्णतेने नरम पडतं, गार असताना स्टार्ट होणारी गाडी गरम झाली की दादरला मध्येच बंद.

आणि हो, २०२१च्या नियमाने ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, १० वर्षांसाठी. मात्र रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच.

निघताना काका म्हणाले, "धू, गंजावर तेलाचा हात फिरव, बाकी काही करायचं नाही." मी रविवारी बोली लावणारच आहे. तुम्ही लावणार असाल तर लिलाववाल्यांचं कमिशन आणि जीएसटी वरून लागतो तो धरा, आणि मॅग्नेटोचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.