मिक्स्ड मीडियाचं दोन दिवसांचं वर्कशॉप, जुळे सोलापूर – माझा अनुभव

मार्चमधे शनिवार-रविवार जोडून हे वर्कशॉप केलं. मिक्स्ड मीडिया म्हणजे एकाच चित्रात रंगाबरोबर कागद, माती, सूत असं काहीही वापरायचं. जुळे सोलापुरात एका मॅडमच्या घरी वरच्या मजल्यावर असतं, फी १८०० रुपये, बोर्ड, जेसो (रंगाआधी लावायचा पांढरा प्राइमर), मीडियम (रंग नसलेलं, गोंदासारखं अ‍ॅक्रिलिक), ब्रश त्यांचे आणि बाकी आपण न्यायचं. दोघी-तिघींनी विचारलं कसं होतं म्हणून लिहितेय, जरा मोठं होणारे.

सांगितलं एवढंच होतं की निसर्गातली अशी एक वस्तू आणा जी तुम्हाला टाकवत नाही. मी मोहोळकडच्या आमच्या रानातली काळी माती नेली. रान गेल्या वर्षी विकलं, सह्या करायच्या आदल्या दिवशी मी बांधावर जाऊन लोणच्याच्या रिकाम्या बरणीत माती भरून आणली होती आणि तेव्हापासून बरणी कपाटात, तिचं काय करायचं ते कळत नव्हतं. मधे एकदा ऑनलाइन किट मागवून घरीच करून बघितलं, कार्डशीटवर माती लावली तर दोन दिवसात पापडासारखी उचलली आणि सगळी फरशीवर. ती झाडून परत बरणीत भरताना फार वाईट वाटलेलं.

मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला, कागदावर लावली होती का? काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, म्हणून तर उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि खालचा कागद तिच्याबरोबर वाकतो म्हणून ती सुटते. हे मला लहानपणापासून माहितीये ओ, पण चित्र करताना डोक्यातच आलं नाही! मग एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून करतात तो) बोर्ड घेतला, त्याच्यावर जेसोचे दोन हात (त्यात खडूसारखी पूड असते म्हणून जरा खरखरीत होतो आणि वरचं धरून ठेवतो), माती मैद्याच्या चाळणीतून चाळली, अ‍ॅक्रिलिक मीडियम आणि पाणी घालून भज्याच्या पिठाएवढी सैल केली आणि बोटांनी बोर्डवर थापली. मला भेगा हव्याच होत्या, म्हणून मीडियम मुद्दाम कमी. रात्रभर वाळल्यावर रविवारी सकाळी बघते तर अगदी मे महिन्यातलं रान. मग पातळ केलेलं मीडियम ड्रॉपरनी एकेका भेगेत सोडायचं, ते आत मुरतं आणि माती जागेवर बसते. हे काम मी दीड तास केलं, एकही शब्द न बोलता. माती वाळून राखाडी पडली होती ती मीडियम लागेल तसतशी परत काळी होत गेली, पाऊस पडल्यावर होते ना तशी. वाळल्यावर थोडी फिकी झाली पण पहिल्यापेक्षा काळीच राहिली.

दुसरा भाग सातबाऱ्याचा. आजोबांच्या नावाचा जुना सातबारा होता, ओरिजिनल अजिबात लावायचा नाही, झेरॉक्स आणा असं त्यांनी ग्रुपवर आधीच बजावलं होतं. आणि झेरॉक्स लेझरचीच हवी, इंकजेटची शाई ओलं लागलं की पसरते. बोर्डवर मीडियम लावून झेरॉक्स उपडी चिकटवायची, पूर्ण वाळू द्यायची, मग पाठीवर पाणी लावून बोटानी कागद चोळून चोळून काढायचा, अक्षरं बोर्डवर राहतात. अक्षरं उलटी उमटतात म्हणून प्रिंट आरशातल्यासारखी काढून आणायची, ते मी विसरले आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे पळावं लागलं.

तर चोळताना माझा हात जड पडला आणि आजोबांच्या नावातलं अर्धं आडनाव निघून गेलं. मला रडूच आलं तिथे, सगळ्यांसमोर. मॅडमनी समजावलं नाही की भावना बाहेर येऊ दे वगैरे काही नाही, फक्त म्हणाल्या, "परत करता येतं, कागद शिल्लक आहे. अर्धा तास थांब आणि मग ठरव." मी चहा घेऊन गच्चीत उभी राहिले. परत केलं नाही. तसंच ठेवलं. मला वाटतं १८०० रुपये मी त्या अर्ध्या तासाचे दिले.

बाकीच्यांचं पण छान होतं. अशोक चौकातले एक काका आले होते, आयुष्य चादरीच्या कारखान्यात गेलं त्यांचं, ते मागावरचे सुताचे तुकडे घेऊन आले होते आणि त्यातून त्यांनी कंबर तलावातली कमळाची पानं केली, सूत जेसोत बुडवून गोल गोल फिरवून. एका मुलीनी वहीत जपलेलं जाळीचं पिंपळपान आणलं होतं. मॅडमनी मधेच पिकासोचं १९१२ मधलं एक चित्र दाखवलं, त्यात खुर्चीच्या विणीचं छापील मेणकापड चिकटवलंय आणि चौकटीला खराखुरा दोर आहे. काका म्हणाले, "मग आपलं सूत पण चालतंय की."

आता जे पटलं नाही ते. दहाला म्हणाले आणि पावणेअकराला सुरू झालं. जागा आठ जणांची आणि आम्ही बारा, टेबलावर कोपर लागत होते. पानं-कागद उडतात म्हणून पंखा बंद, आणि सोलापुरातला मार्च तुम्हाला माहितीये. त्या उन्हात अ‍ॅक्रिलिक रंग प्लेटमधे दहा मिनिटात वाळतो, वाळला की पाण्यानी परत सुटत नाही, माझा निम्मा निळा असाच वाया गेला. ओल्या स्पंजवर बटर पेपर ठेवून त्याच्यावर रंग काढला तर बराच वेळ टिकतो, हे त्यांनी रविवारी सांगितलं, शनिवारीच सांगायला हवं होतं. आणि वार्निश शिकवायचं राहूनच गेलं, वेळ संपला.

नुसतं रेझिनचं चमकदार काहीतरी करून भिंतीवर लावायचंय त्यांनी जाऊ नका, तसं इथे नाही. घरात एखादी वस्तू जपून ठेवलेली असेल तर मात्र नक्की जा, शनिवारी जरा लवकर पोचून खिडकीजवळची जागा धरा, जुनी ओढणी आणि हेअर ड्रायर बरोबर न्या.

माझा बोर्ड हॉलमधे लावलाय. महिना झाला, अजून कणभर माती पडली नाही. आई रोज झाडताना त्याच्याखाली हात फिरवून बघते.