वीतभर टाकीत दीड वीत एलिमेंट: गिझरवाल्यानं मला कसं फसवलं

गेले ते 3,450 रुपये. रक्कम काही घर बुडवणारी नाही. पण गेली कशी ते सांगितलं नाही, तर या थंडीत तोच माणूस आणखी चार घरी चहा पिऊन जाईल, म्हणून लिहायला बसले.

आम्ही बेळगावात, वडगावला राहतो. घरात मी, मुलगी आणि सासरे. नवरा गोव्याला नोकरीला, पंधरा दिवसांतून एकदा येतो. परसात सासऱ्यांच्या आईच्या वेळचा तांब्याचा बंब आहे, करवंट्या घालून पेटवायचा. 2023 ला कर्नाटक सरकारची मोफत विजेची गृहज्योती योजना आली, 200 युनिटांच्या आत बिल शून्य यायला लागलं, तेव्हा आम्हालाही हौस आली. त्या दिवाळीत शॉवरला जोडून तीन लिटरचा इन्स्टंट गिझर बसवला. तीन किलोवॅटचा. दहा मिनिटं चालला तर अर्धं युनिट, म्हणजे हिशेबात बसणारा. मामा, म्हणजे सासरे, मात्र त्याला शेवटपर्यंत ‘ती डबी’च म्हणत राहिले.

2024 च्या डिसेंबरात एका सकाळी मुलगी अंगाला साबण लावून ओरडली, “आई, गार पाणी!” जाऊन बघते तर बाथरूमबाहेरच्या डीपी स्विचवरचा, म्हणजे गिझरच्या मोठ्या स्विचवरचा, लाल दिवा लागलेला आणि गिझरवरचे दोन्ही दिवे विझलेले. एवढं दिसत होतं मला. त्याचा अर्थ कळला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. आधीचा आठवडाभर त्या बाजूला सुकट भाजल्यासारखा वास यायचा. मला वाटायचं, शेजारी मासे चाललेत. गुरुवारीही वास आला तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, कारण शेजारच्या काकू गुरुवारी अंडंसुद्धा घरात आणत नाहीत.

वॉरंटी कार्ड कपाटात वरच्या कप्प्यात, साड्यांच्या खाली. त्यावर कंपनीचा नंबर छापलेला आहे. पण मुलीची रिक्षा यायची वेळ, शिडी कोण लावणार? मी मोबाईलवर कंपनीचं नाव, पुढं ‘कस्टमर केअर बेळगाव’ टाकलं आणि सगळ्यात वर आला तो नंबर लावला. पलीकडचा हिंदीत, अगदी अदबीनं बोलला. आधी म्हणाला, तक्रार नोंदवायला लिंक पाठवतो, त्यावरून दहा रुपये भरा. असल्या लिंकांचं मी ऐकून होते. “लिंक नको, माणूस पाठवा,” म्हटलं. तो लगेच कबूल झाला. फोन ठेवताना वाटलं, बघा, आपण कशा फसलो नाही. त्या शहाणपणानंच पुढं डोळे झाकले.

दोन तासांत माणूस दारात. सर्व्हिसचा माणूस दोन तासांत, तेही हिवाळ्यात, ही एकच गोष्ट संशय यायला पुरेशी होती. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड, पण ते उलटं लटकलेलं. बाथरूममध्ये गेला, गिझरवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, “एलिमेंट होगेत्री, मेडम.” म्हणजे पाणी तापवणारी आतली कॉइल गेलीय. एवढ्यात मामा परसातून आत आले आणि मला म्हणाले, “काय म्हणतोय गं?” गडी एका क्षणात मराठीवर आला. “काका, मी पण निपाणीकडचाच. आपलाच माणूस समजा.”

आता हे जरा कडू आहे, तरी लिहिते. आमच्या भागात दोन्ही भाषा सगळ्यांना येतात, बाजारात निम्मं वाक्य कानडीत तर निम्मं मराठीत जातं. तरी अनोळखी माणूस घरात येऊन ‘आपलाच’ म्हणाला की आपण पैशाचं विचारायला लाजतो. मामांनी त्याला खुर्ची दिली. मी दर विचारलाच नाही. त्यानंच सांगितलं: व्होल्टेज वरखाली होऊन एलिमेंट जळलंय, सोबत थर्मोस्टॅटही (पाणी पुरेसं तापलं की करंट थांबवणारा भाग) गेलाय, एलिमेंटचे 2,600, थर्मोस्टॅटचे 500, व्हिजिटचे 350. “कंपनीचा ओरिजिनल माल आहे ताई, बाहेरचा बसवला तर महिन्यात जाईल.”

मग त्याला बादली हवी झाली. मग जुनं फडकं. मग म्हणाला, “चहा मिळंल काय जरा, सकाळपासून फिरतोय.” चहाला मला दहाएक मिनिटं लागली असतील, मामा तोवर बंबाकडं गेले होते. कप घेऊन आले तेव्हा गिझरचं झाकण उघडं, खाली फडक्यावर जळकं एलिमेंट. वरून पांढरा, चुन्यासारखा जाड थर, एका ठिकाणी फुटलेलं. “बघा, कसं फुटलंय.” नवीन तर बसवूनही झालेलं! स्विच टाकला, दिवे लागले, पाच मिनिटांत शॉवरला वाफ. पैसे मी मोबाईलवरून दिले. पडद्यावर कंपनीचं नाव येईल असं वाटलं होतं, आलं कुणा माणसाचं. विचारलं, तर “आमच्या सरांचं अकाउंट” म्हणाला. बिलावर वर ठळक अक्षरात कंपनीचं नाव, पण पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही. जाताना जुनं एलिमेंट माझ्या हातात ठेवून म्हणाला, “हे तुमच्याकडंच ठेवा. आमच्यात चोरी नसतीय.”

मी ते धुऊन माळ्यावर ठेवलं. पुरावा म्हणून!

अकरा दिवस गिझर चालला. बाराव्या दिवशी परत तेच. स्विचवरचा दिवा चालू, गिझर मुका आणि सुकटीचा वास आता घरभर. त्या नंबरवर फोन केला तर नव्या व्हिजिटचे पुन्हा 350 आधी टाका म्हणाले, संध्याकाळी लावला तर फोन बंद.

आमच्या गल्लीत मागांच्या मोटरींचं काम करणारे एक वायरमन काका आहेत. पॉवरलूमची मोटर बंद पडली तर विणकराचा दिवस बुडतो, त्यामुळं काकांना फालतू बोलायला वेळ नसतो. आले, गिझरकडं बघितलंही नाही. थेट एमसीबी, म्हणजे मीटरजवळचा जादा करंटला आपोआप पडणारा स्विच, पाडला, टेस्टर लावून खात्री केली आणि डीपी स्विचची प्लेट खोलायला घेतली. मी म्हटलं, “काका, बिघाड गिझरमध्ये आहे, एलिमेंट बदललंय.”

“ताई, नळाला पाणी आलं न्हाई तर तुम्ही आधी काय बघता? रस्त्यावरचा वॉल्व. टाकी फोडून बघता व्हय?”

आठवड्यातून मोजून पाणी येणाऱ्या गावात याच्यापेक्षा सोपं कुणी समजावू शकत नाही. त्यांचं म्हणणं असं: एलिमेंट जळलं तर पाणी तापत नाही, पण गिझरवरचा पॉवरचा दिवा सहसा लागतोच. स्विचवरचा दिवा लागतोय आणि गिझरवरचा एकही लागत नाही, म्हणजे स्विचपर्यंत करंट आहे, गिझरपर्यंत नाही. मग खोट त्या दोघांच्या मध्ये शोधायची.

प्लेट निघाली आणि मी नाकाला पदर लावला. स्विचची मागची बाजू काळी पडून वितळलेली. गिझरकडं जाणारी वायर बोटभर जळून तिचं प्लास्टिक कडक झालेलं, तांबं जांभळट काळं. आणि त्याच जळक्या तांब्याला पीळ देऊन कुणीतरी पुन्हा त्याच जळक्या स्क्रूखाली दाबलेलं. “हे अलीकडचं काम हाय,” काका म्हणाले. स्क्रूच्या डोक्यावर पेचकसाचे ताजे ओरखडे चकाकत होते. म्हणजे माझा चहा उकळत होता तेव्हा साहेबांनी खरा बिघाड शोधला होता, तात्पुरता जोडला होता आणि पैसे दुसऱ्याच गोष्टीचे घेतले होते. तो अडाणी नव्हता, याचाच मला जास्त राग आला.

मी विचारलं, एवढं जळत होतं तर एमसीबी का पडला नाही? काका म्हणाले, एमसीबी जादा करंटला पडतो. तीन किलोवॅटचा गिझर 230 व्होल्टला 13 अँपिअर ओढतो. स्क्रू ढिला असला तरी ओढणार 13 च, उलट जरा कमी. पण तेवढा करंट ढिल्या जागेतून गेला की ती जागाच तापते, रोज थोडी थोडी भाजत जाते. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. नाकाला लागतो. सुकट भाजल्यासारखा वास म्हणजे स्विचचं प्लास्टिक भाजत होतं.

मग त्यांनी गिझर उघडला, “आत काय दिवे लावलेत बघू” म्हणत. एलिमेंटच्या दोन टोकांना मीटर लावला. रोध 17.8 ओहम. तीन किलोवॅटच्या एलिमेंटला साधारण तेवढाच यायला हवा. म्हणजे एलिमेंट ठणठणीत. पण नवं बसवलेलं असेलच की, असं मी म्हणणार तोच त्यांनी बॅटरी मारून नट दाखवले. प्रत्येक नटावर कारखान्यात लावलेला लाल रंगाचा ठिपका, अर्धा नटावर, अर्धा पत्र्यावर, कुठंही तुटलेला नाही. तो नट बसवल्यापासून फिरलेलाच नव्हता.

मला म्हणाले, “जुनं एलिमेंट दिलंय म्हणता, कुठाय?”

माळ्यावरून आणलं. त्यांनी ते गिझरच्या टाकीला बाहेरून टेकवून धरलं. टाकी वीतभर, एलिमेंट दीड वीत. “ताई, हे आत शिरलं कसं?” मोठ्या साठवणीच्या गिझरचं एलिमेंट होतं ते, आणि वर तो चुन्याचा जाड थर, जो वर्षानुवर्षं बोअरचं पाणी तापवल्यावर साचतो. आमच्या घरात बोअर नाही आणि गिझर एक वर्षाचा. पिशवीत घेऊनच फिरत असणार तो, घराघरांत दाखवायला. मामांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि एवढंच म्हणाले, “आणि मी त्येला खुर्ची दिली.”

इथवर हसण्यावारी नेलं असतं. पण काका गिझरमध्ये पुन्हा वाकले आणि गप्प झाले. थर्मोस्टॅटशेजारी थर्मल कट-आउट नावाचा बटणाएवढा भाग असतो. थर्मोस्टॅट अडकला आणि पाणी तापतच राहिलं, तर तो शेवटी करंट तोडतो. तो भाग जागेवर नव्हता. त्याच्या दोन वायरी एकमेकींना पिळून काळी टेप गुंडाळलेली. काढून नेला होता, दुसऱ्या कुणाला ‘नवा’ म्हणून विकायला असेल. थर्मोस्टॅटही तोच जुना. त्या अकरा दिवसांत थर्मोस्टॅट अडकला असता तर त्या तीन लिटरच्या टाकीत पाणी उकळून वाफ कोंडली असती, वरच्या सेफ्टी व्हॉल्व्हनं दगा दिला असता तर टाकी फुटली असती. आणि खाली उभी असते माझी पोर, डोळ्यांत साबण. 3,450 चा राग मी विसरेन, याचा नाही.

नवा डीपी स्विच, जळकी वायर कापून नीट जोड, नवा कट-आउट आणि मजुरी, काकांनी सगळे मिळून 780 घेतले. निघताना आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबून तो पडतो हेही दाखवलं, ते महिन्यातून एकदा दाबायचं म्हणाले. दर वर्षी थंडीच्या आधी स्विचचे स्क्रू आवळून घ्या, आणि गिझर चालू असताना स्विचची प्लेट हाताला गरम लागली तर त्याच दिवशी बंद करून मला हाक मारा, असंही बजावलं. स्वतः प्लेट खोलायची नाही हे तर तीनदा.

संध्याकाळी शिडी लावून वॉरंटी कार्ड काढलं. दोन वर्षांची वॉरंटी, अकरा महिने शिल्लक. कार्डावरच्या नंबरला फोन केला तर कळलं की आमच्या नावावर तक्रारच नोंदलेली नाही आणि त्यांचा कुणी माणूस त्या दिवशी वडगावला आला नव्हता. शिवाय गिझर बाहेरच्या माणसानं उघडल्यामुळं आता वॉरंटीही अडचणीत.

नवऱ्यानं गोव्याहून सांगितल्यावर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार दिली. त्यांनी पैसे गेल्याचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेचा क्रमांक, मागितला, पैसे कुठल्या खात्यात गेले ते विचारलं. फसवणूक झाल्यावर जितक्या लवकर सांगाल तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त, आणि मी बारा दिवसांनी सांगत होते. ज्यांचं कालपरवा झालंय त्यांनी माझ्यासारखं थांबू नका. माझे पैसे अजून आलेले नाहीत.

गेल्या आठवड्यात वेगळ्याच नंबरवरून फोन आला. “मॅडम, आपके गीझर का सर्व्हिस ड्यू है.” आवाज तोच, अदबही तीच. मी फोन स्पीकरवर टाकला, मामांना खुणेनं बोलावलं आणि विचारलं, तीन लिटरच्या गिझरचं एलिमेंट किती लांब असतं? तो थोडा वेळ गप्प राहिला. मामा न राहवून फोनकडं वाकून ओरडले, “दीड वीत!” तिकडून फोन कट.