जेरुसलेममधली 1948 च्या युद्धविरामाची वॉकिंग टूर: पैसे वसूल, पण कातामोनमध्ये घाई नको होती

जेरुसलेमला जाणारी आपली बहुतेक मंडळी ओल्ड सिटी करतात, बेथलेहेम करतात, डेड सीमध्ये तरंगतात आणि परत येतात. ठीकच आहे. पण इतिहासाची थोडी जरी खोड असेल तर अर्धा दिवस काढून 1948 च्या युद्धविरामावरची टूर कराच. ग्रुप छोटा असतो, गाइड इंग्रजीत बोलतो, लांबच्या स्पॉटसाठी व्हॅन असते. लढाया, रणगाडे वगैरे जवळपास नाहीच. ज्यूंना आणि अरबांना गोळीबार थांबवायला लावण्यासाठी कोण कुठं बसलं, कुणी काय खटपट केली आणि कुणाचा जीव गेला, एवढंच आहे आणि म्हणूनच मला आवडली.

सुरुवात वायएमसीएच्या टॉवरखाली होते, समोरच किंग डेव्हिड हॉटेल. 1947 मध्ये पॅलेस्टाईनचं पुढं काय करायचं हे ठरवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांची समिती याच वायएमसीएमध्ये साक्षी घेत होती आणि अरब हायर कमिटीनं, म्हणजे तिथल्या अरबांच्या नेत्यांच्या संघटनेनं, तिच्यावर बहिष्कार टाकला होता, म्हणजे एक बाजू पहिल्यापासून खोलीबाहेरच. मे 1948 मध्ये हाच पट्टा रेड क्रॉसनं तटस्थ म्हणून जाहीर केला, पण तो फार दिवस टिकला नाही.

तिथून चालत फ्रेंच कॉन्सुलेट. आत सोडत नाहीत, गेटबाहेर उभं राहूनच ऐकायचं, पण गाइड इथं खरा रंगात येतो. 23 एप्रिल 1948 ला सुरक्षा परिषदेनं ट्रूस कमिशन (युद्धविराम आयोग) नेमलं आणि त्यासाठी कुणी मोठे नेते पाठवले नाहीत, परिषदेतल्या ज्या देशांचे कॉन्सल आधीच जेरुसलेममध्ये होते त्यांच्याच गळ्यात हे काम घातलं, सीरियानं अंग काढून घेतलं, मग उरले बेल्जियम, फ्रान्स आणि अमेरिका. हाताशी ना सैन्य ना पोलीस, ब्रिटिश इथलं राज्य सोडून सामान बांधून निघालेले, आणि हे तिघं दोन्हीकडच्या लोकांना विनवतायत. 22 मे ला अमेरिकेचे कॉन्सल थॉमस वॉसन कमिशनची मीटिंग आटोपून इथूनच परत निघाले आणि वाटेत त्यांना गोळी लागली, दुसऱ्या दिवशी गेले. ज्या रस्त्यावर आपण उभे असतो तिथं आज पार्किंगवरून हॉर्न वाजत असतात.

मग व्हॅनमधून कातामोन ही वस्ती. इथं 17 सप्टेंबर 1948 ला काउंट फोल्के बर्नाडोट यांच्या गाड्यांपुढं जीप आडवी घालून लेही या ज्यूंच्या भूमिगत सशस्त्र गटाच्या लोकांनी त्यांना गोळ्या घातल्या, शेजारी बसलेले फ्रेंच कर्नल सेरो पण गेले. बर्नाडोट स्वीडनचे, संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ. 11 जूनपासून चार आठवड्यांचा पहिला युद्धविराम त्यांनीच जमवला होता, नवीन शस्त्रं आणि लढायला माणसं आणायची नाहीत अशी अट, जी कुणी नीट पाळली नाही. मुदत संपताच दहा दिवस परत लढाई, मग 18 जुलैपासून दुसरा. त्यांच्या खुनासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही, आणि लेहीच्या तेव्हाच्या म्होरक्यांपैकी यित्झाक शामिर पुढं इस्रायलचे पंतप्रधान झाले, हे गाइडनं अजिबात आडपडदा न ठेवता सांगितलं, त्याबद्दल मार्क द्यायला हवेत.

पण माझी तक्रार पण इथलीच. ज्या दगडी बंगल्यांसमोरून आपण चालतो ती बहुतेक अरब कुटुंबांची घरं. 5 जानेवारीच्या रात्री हगाना या ज्यूंच्या सशस्त्र संघटनेनं इथलं सेमिरामिस हॉटेल उडवलं तेव्हापासून लोक निघायला लागले, एप्रिलअखेर सॅन सिमोन मठाभोवती लढाई झाली आणि वस्ती रिकामीच झाली. म्हणजे बर्नाडोट यांना जिथं मारलं तिथं काही महिने आधीपर्यंत अरब शेजार नांदत होता, आणि बर्नाडोट स्वतः निर्वासितांना घरी परतू द्या असा अहवाल देऊन मोकळे झाले होते. या दोन गोष्टी जोडून दाखवायच्या सोडून आम्हाला पटापट व्हॅनमध्ये बसवलं, का तर ट्रॅफिक. हैफा या बंदराच्या शहराचं पण तेच, एका वाक्यात उरकलं. 22 एप्रिलला तिथल्या टाउन हॉलमध्ये ब्रिटिश जनरल स्टॉकवेलसमोर दोन्ही बाजू बसल्या होत्या, ज्यू महापौर शब्ताई लेवी अरबांना जाऊ नका म्हणून विनवत होते, आणि अरब प्रतिनिधींनी सही न करता लोकांना बाहेर काढायची सोय करा म्हणून सांगितलं. एवढा मोठा प्रसंग, त्याला पाच मिनिटं तरी द्या की राव.

टूरचा बेस्ट भाग मुस्रारा. 30 नोव्हेंबर 1948 ला या भागातल्या एका घरात इस्रायलकडून मोशे दायान आणि जॉर्डनकडून अब्दुल्ला अल तल हे लष्करी अधिकारी शहरातली युद्धविरामाची रेघ ठरवायला नकाशा पसरून बसले. एकाची पेन्सिल हिरवी, दुसऱ्याची लाल. गाइड त्या नकाशाची मोठी फोटोकॉपी गाडीच्या बॉनेटवर पसरतो आणि जाड पेन्सिल हातात देऊन म्हणतो, ओढा रेघ. नकाशा 1:20,000 चा, रेघेची जाडी तीन-चार मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर साठ ते ऐंशी मीटर. मग त्या जाडीखाली आलेली घरं, गल्ल्या कुणाच्या? तात्पुरती म्हणून ओढलेली ही रेघ 1967 पर्यंत शहराच्या मधोमध राहिली. ग्रुपमधल्या एका काकूंनी रेघ ओढली आणि त्यांचाच हात थांबला, म्हणाल्या अहो ही तर अख्खी गल्ली खाऊन टाकली.

मॅंडेलबाउम गेट म्हणजे दोन्ही भागांमधला तेव्हाचा एकमेव रस्ता, तो जवळच आहे पण बघण्यासारखं फार काही उरलेलं नाही. शेवटी प्रोमेनाडवरून ब्रिटिशांच्या काळातलं गव्हर्नमेंट हाऊस लांबूनच दाखवतात, 1948 मध्ये सुरू झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांचं मुख्यालय अजून तिथंच आहे. रोड्स बेटावर संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी राल्फ बंच यांनी बर्नाडोट यांची जागा घेऊन 24 फेब्रुवारी 1949 ला इजिप्तबरोबरचा करार कसा घडवला, ते इथं कठड्यावर बसून ऐकायचं, आणि तोपर्यंत पाय एवढे दुखत असतात की कठडा पण सोफा वाटतो.

शुक्रवार दुपारची बॅच घेऊ नका, शब्बाथमुळं (ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) लाइट रेल आणि बस बंद होतात आणि परत यायला टॅक्सीला जास्तीचे शेकेल मोजावे लागतात. माझ्याकडून पाचपैकी चार. बुकिंग करताना कातामोनला जास्त वेळ द्या असं आधीच सांगून ठेवा, ग्रुप छोटा असेल तर ऐकतात म्हणे.