लाल रंग दिला आणि माझ्याच स्प्रिंगा मला विकल्या

गाडीला मागून ‘हेवी ड्यूटी’ स्प्रिंगा टाकून घ्यायच्या विचारात असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे १४,५०० रुपये गेले.

दिंडोरी तालुक्यात आमचा द्राक्षांचा मळा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये थोडा माल व्यापाऱ्याला न देता आम्ही स्वतः नाशकात आणतो. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा इथल्या सोसायट्यांमध्ये माझी बायको आणि वहिनी शनिवार-रविवारी विकतात. गाडी ईको, सीएनजीची. मागचं सीट काढून वीस किलोचे अठरा क्रेट लावले की ३६० किलो झाले, वर आम्ही दोघं. एवढ्यावर गाडी मागून बसायची आणि म्हसरूळच्या अलीकडच्या गतिरोधकावर खालून ठण्णकन आवाज यायचा. द्राक्षाला तो दणका सोसत नाही. घड झडतो, मणी फुटतात आणि खालच्या क्रेटमधला माल ओला होतो.

म्हणून जानेवारीत एका स्प्रिंग-शॉकअपच्या दुकानात गेलो. माणूस बोलायला गोड. “दादा, कंपनीपेक्षा दीड एमएम जाड तारेच्या स्प्रिंगा टाकतो, सोबत गॅसचे शॉकअप. मग डोळे झाकून माल भरा.” लाल रंगाच्या नव्याकोऱ्या स्प्रिंगांची जोडी समोर ठेवली. मी हातात घेऊन बघितली, माल चांगला वाटला. मग म्हणाला, “दोन तास लागतील, तोवर चहापाणी करून या.” मी गेलो. सगळी चूक इथे झाली. परत आलो तर गाडी मागून चांगली उंच दिसत होती, आत लाल स्प्रिंगा चमकत होत्या. जुन्या कुठे आहेत विचारलं, तर म्हणे भंगारात गेल्या, त्याचे दोनशे रुपये बिलातून कमी केलेत. बिल म्हणजे वहीतला फाडलेला कागद, त्यावर फक्त ‘सस्पेन्शन काम’ आणि रक्कम.

अंबडला कंपनीत टूलरूममध्ये असलेल्या माझ्या पुतण्यानं आधीच बजावलं होतं, “काका, काम करायच्या आधी चाकाच्या मधोमधपासून वरच्या कमानीपर्यंत टेपनं माप घेऊन ठेवा, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्याचंही.” तेवढं मी केलं होतं. रिकामी ४१ सेंटिमीटर, भरलेली ३३. नव्या कामानंतर रिकामी ४३.५ आणि त्याच अठरा क्रेटवर ३५.५. म्हणजे आधीही आठ सेंटिमीटर बसायची, आताही आठच. मला आधी अडीच सेंटिमीटर वाढल्याचाच आनंद झाला होता. पुतण्यानं फोनवर समजावलं. उंची वाढली म्हणजे ताकद वाढली असं नाही. स्प्रिंग खरंच कडक असेल तर तेवढ्याच वजनाला ती कमी दबली पाहिजे. आणि तार दीड एमएम जाड म्हणजे किरकोळ फरक नव्हे, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून १२ एमएमची तार १३ केली, तरी स्प्रिंग साधारण ३८ टक्के कडक होते. इथे तर कणभरही फरक पडला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात गाडी धुताना डाव्या स्प्रिंगचा लाल रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि मी तिथेच उकिडवा बसलो. रंगाखाली खालून दुसऱ्या वेढ्यावर ब्लेडचे दोन तिरपे चरे होते. दोन वर्षांपूर्वी मळ्यात गाडी मागे घेताना मांडवाची तार चाकात गुंतून स्प्रिंगला आवळली होती. ती हॅकसॉ ब्लेडनं मीच कापली होती. ते चरे माझ्या हातचे. दुकानात दाखवलेली जोडी फक्त दाखवायचीच होती. मला पाठवून त्यांनी माझ्या स्प्रिंगा घासल्या, रंगवल्या आणि वर रबराचं जाड पॅकिंग घालून परत बसवल्या. पॅकिंगनं गाडी उंच होते, गिऱ्हाईक खूश होतं आणि काम संपतं.

फोटो घेऊन दुकानात गेलो तर तो माणूस ओळख दाखवायला तयार नाही. “कशावरून आमचंच काम?” या प्रश्नाला माझ्याकडे कागद नव्हता. पैसेही त्यानं दुकानाच्या नावावर न घेता कुणा तिसऱ्याच्या नंबरवर घेतले होते.

दुसऱ्या, ओळखीतल्या मिस्त्रींनी गाडी खोलली. शॉकअप काढून जमिनीवर उभा धरून दाबला. गॅसचा असता तर दांडा आपोआप हळूहळू वर आला असता, हा दाबला तिथेच राहिला. साधा तेलाचा, वर स्टिकर गॅसचं. ते म्हणाले, “भाऊ, मुळात शॉकअप वजन उचलतच नाही, तो फक्त स्प्रिंगचं उसळणं आवरतो. वजनासाठी शॉकअप विकणाऱ्यानं तिथेच खोटं बोलायला सुरुवात केली.” चरे पडलेली स्प्रिंग पुन्हा वापरू नका, वजनाखाली ती नेमकी त्याच जागी तुटते, हेही त्यांनीच सांगितलं. त्याच स्प्रिंगवर मी तीन आठवडे कधी बायकोला, कधी वहिनीला बसवून फिरवत होतो. याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे.

आणखी एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. स्प्रिंग कितीही जाड टाका, कंपनीनं ठरवलेली गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर सगळे त्याच हिशेबाचे असतात. सीएनजीची टाकी आणि माणसं त्या वजनात धरूनच क्रेट मोजायचे.

तेव्हा काम चालू असताना तिथेच उभे राहा, दोन तास गेले तरी चालतील. जुन्या स्प्रिंगांवर घरीच ऑइल पेंटनं खूण करा आणि त्या परत मागा, भंगाराच्या दोनशे रुपयांना भुलू नका. नव्या स्प्रिंगची तार बसवण्याआधी व्हर्निअरनं, म्हणजे जाडी मोजायच्या पट्टीनं, मोजून घ्या. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर पार्ट नंबर. हे द्यायला जो खळखळ करेल, त्याच्याकडे गाडी सोडू नका.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, म्हणून तिकडचीही तयारी चालू आहे. चरे असलेली स्प्रिंग आणि पॅकिंग गोणपाटात बांधून जपून ठेवलंय.

गाडीला आता कंपनीच्या साध्या नव्या स्प्रिंगा आहेत आणि आम्ही बाराच क्रेट भरतो, दोन फेऱ्या मारतो. परवा माप घेतलं, भरलेली ३५.५. म्हसरूळच्या गतिरोधकावर आवाज आला नाही.